डब्यातलं बी पेरायचं की जपायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील हौशी बागवान होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि मागे एक पत्र्याचा डबा राहिला. त्यात त्यांनी स्वतःच्या बागेतून धरलेलं बी आहे: घेवड्याचे साठेक दाणे, चिमूटभर टोमॅटो, भोपळ्याच्या पंधरा-वीस बिया, थोडा झेंडू, थोडा कांदा. प्रत्येक पुडीवर त्यांच्या अक्षरात नाव आणि साल. सगळ्यात नवी पुडी तीन वर्षांपूर्वीची, सगळ्यात जुनी पाच वर्षांपूर्वीची.

हे बी वाया जाऊ नये म्हणून ताईंनी आधी विकतच्या पाकिटांवर हात बसवायचं ठरवलं. दोन हंगाम झाले. उन्हाने करपू नयेत म्हणून खोलीत खिडकीशी ठेवलेली टोमॅटोची रोपं वीतभर उंच झाली आणि एका रात्रीत आडवी पडली, तेही दिवसातून दोनदा पाणी देऊन. ऐन उन्हाळ्यात पेरलेलं लेट्यूस उगवलंच नाही. मुळा दाट उगवला, पण एकही रोप उपटायला जीव होईना. शेवटी पानं रग्गड आणि खाली दोरीएवढं मूळ. गाजराची रोपं ट्रेमधून काढून कुंडीत लावली, ती वेडीवाकडी निघाली. बाहेर सहज फेकल्यासारखी पेरलेली झिनिया तेवढी फुलली. भाऊ म्हणतो, "तुझ्या हाताला गुण नाही. तयार रोपं आण आणि डबा आठवण म्हणून ठेवून दे." ताई विचारतात: त्याचं ऐकावं का? आणि डब्याला हात लावायची हिंमत कधी करावी?

---

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, पण घाई एकाचीच आहे. तयार रोपं आणायची की नाही हे पुढच्या वर्षी ठरवलंत तरी काही बिघडत नाही. डब्याचं मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नका.

तुम्ही असं धरून चालला आहात की तुमचा हात बसेपर्यंत ते बी डब्यात सुखरूप आहे. तसं नाही. कोरडं बी निपचित दिसलं तरी जिवंत असतं, आणि जिवंत असल्यामुळेच म्हातारं होतं. आतल्या पेशींची पडझड हळूहळू चालू असते. एका टप्प्यानंतर पाणी मिळालं तरी ती पडझड भरून काढणं बीला जमत नाही. बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. जिवंत घेवडा आणि मेलेला घेवडा तळहातावर घेतला तर दोन्ही सारखेच चकचकीत, सारखेच टणक.

काही बिया शतकभर तग धरतात हे खरं आहे. अमेरिकेत विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली तणांच्या बिया वाळूत कालवून बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि आतल्या बिया पेरून पाहायच्या, असा तो प्रयोग अजून चालू आहे. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या व्हर्बास्कम नावाच्या तणाच्या काही बिया १४२ वर्षांनी उगवल्या. पण बाकीच्या बहुतेक प्रकारांनी केव्हाच मान टाकली होती. आणि भाजीपाल्याचं बी या चिवट तणांच्या जातकुळीचं नाहीच. घरातल्या साध्या साठवणीत कांद्याचं बी वर्ष, फार तर दोन वर्षं चांगलं राहतं. मिरची आणि झेंडू दोन-तीन वर्षं, गाजर तीनेक, घेवडा तीन-चार, टोमॅटो आणि भोपळा चार-पाच. हे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. कोरड्या, थंड जागी बी याहून जास्त टिकतं आणि दमट, गरम जागी महिन्यांत संपतं. पण डब्यावरची सालं बघता एवढं नक्की सांगते की वडिलांच्या बियांचा चांगला काळ सरत आला आहे. तुम्ही थांबलात त्या दोन हंगामांत तो थोडा आणखी सरला. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. अजून वेळ आहे, म्हणून लिहिते.

आता हाताच्या गुणाचं. भावाने ते सहज म्हटलं असेल, पण तुम्ही ते मनाला लावून घेतलं आहे, पत्रात तीन ठिकाणी आलंय. ज्या हाताने टोमॅटो गेला त्याच हाताने झिनिया फुलली, याचा विचार केलात का? झिनिया बाहेर उन्हात होती, तिला दिवसातून दोनदा पाणी मिळालं नाही आणि कुणी तिला जागचं हलवलं नाही. टोमॅटोच्या वाट्याला याच्या बरोबर उलट आलं. फरक हाताचा नाही, परिस्थितीचा आहे, आणि परिस्थिती बदलता येते.

टोमॅटोचंच सविस्तर बघू, कारण बी पेरणाऱ्या पुष्कळ जणांचं घोडं इथेच अडतं. तुमच्या रोपांना दोन वेगळे आजार झाले आणि एकाने दुसऱ्याला वाट करून दिली. पहिला, उजेडाची उपासमार. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, पण रोपाच्या हिशेबाने तो बाहेरच्या उजेडाचा लहानसा वाटा असतो, शिवाय एकाच बाजूने येणारा. उजेड कमी पडला की रोप सगळं बळ उंची गाठण्यात घालवतं. देठ फिकट आणि लांबुडका होतो, पानांची जोडी लांब-लांब फुटते. वीतभर उंची बघून तुम्हाला रोपं जोमात आहेत असं वाटलं असणार. खरं तर ती उजेड शोधत होती.

दुसरा आजार म्हणजे रोपं कोलमडण्याचा, ज्याला शेतकरी मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे बुरशीवर्गीय जीव मातीत असतातच. माती सतत चिंब, हवा कोंडलेली, रोपं दाट आणि देठ कोवळे असले की त्यांचं फावतं. पुढच्या वेळी असं रोप दिसलं तर खाली वाकून मातीलगतचा देठ बघा. आधी तो पाण्यात भिजल्यासारखा पारदर्शक दिसतो, मग तपकिरी होतो, मग तेवढ्याच जागी दोऱ्यासारखा बारीक होतो. वरची पानं तोवर हिरवीगार असतात, म्हणून ते 'एका रात्रीत' झालं असं वाटतं. पडलेलं रोप परत उभं राहत नाही. ते मातीसकट काढून टाकायचं, बाकीच्यांचं पाणी तोडायचं आणि हवा खेळती ठेवायची.

म्हणजे करायचं काय? बागेतली चिकट माती ट्रेमध्ये भरू नका. ती थिजून घट्ट बसते आणि बुरशी सोबत आणते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं, नीट कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण घ्या. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, बोटाने टोचलं की मोडावा, पाण्याचा थेंब गळू नये. पेरणीआधीच ते सारखं ओलं करून घ्या, म्हणजे नंतर वरून धार सोडावी लागत नाही. ट्रेला खाली भोकं हवीतच. उगवल्यावर पाणी खालून द्या: ट्रे उथळ पाण्यात ठेवायचा, वरची माती गडद दिसू लागली की उचलायचा. पुढचं पाणी घड्याळ बघून नको. वरचा थर फिका पडला आणि ट्रे उचलल्यावर हलका लागला की द्या. बीला पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरून गेली की बी गुदमरतं, आणि मग आपण म्हणतो उगवलं नाही.

पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी उजेड वाढवा. सगळी उगवेपर्यंत थांबू नका. सुरुवातीला सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडा जास्त वेळ. सात-दहा दिवसांत रोप पूर्ण उन्हाला सरावतं. खोलीतलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून भाजतात. तुमची उन्हाची भीती बहुधा तिथूनच आली असेल. आणि टोमॅटो लांबुडका झालाच, पण कोलमडलेला नसला, तर टाकून देऊ नका. पुनर्लागण करताना खालची पानं काढून देठ वरच्या पानांपर्यंत मातीत पुरा. टोमॅटोच्या पुरलेल्या देठाला नवी मुळं फुटतात. ही सवलत सगळ्या झाडांना नाही, टोमॅटोला आहे.

लेट्यूसचं उत्तर छोटं आहे. त्याला थंडावा लागतो. माती साधारण २७-२८ अंशांच्या पुढे तापली की बहुतेक वाणांचं बी उगवायचं नाकारतं, जिवंत असूनही. शिवाय बऱ्याच वाणांना उगवायला उजेडही लागतो, तुम्ही बोटभर माती ओढलीत. हवा गार असताना पेरा, बी मातीवर नुसतं दाबा, आणि गरमीत पेरायचंच असेल तर ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग पेरा. हाच नियम उलट बाजूने मिरचीला: तिला २५ ते ३० अंशांची ऊब आवडते आणि गारठ्यात ती तीन-तीन आठवडे हलत नाही. पाकिटावर 'भाज्या' असा एकच शब्द असला तरी आतली प्रत्येक बी वेगळ्या हवेची वाट बघत असते. इतर वाचकांनीही हे लक्षात ठेवावं, कारण उगवलं नाही म्हणून फेकलेल्या ट्रेमधलं बी पुष्कळदा मेलेलं नसतं, त्याची वेळ आलेली नसते. बी किती खोल पेरायचं म्हणाल तर त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती पुरते. पेटुनियासारख्या धुळीएवढ्या बीवर मातीच नको.

गाजर ट्रेमध्ये पेरायचंच नाही. त्याचं पहिलं मूळ हेच पुढे गाजर होतं. पुनर्लागणीत त्याचं टोक दुमडलं किंवा तुटलं की गाजराला फाटे फुटतात. मुळाही तसाच. दोन्ही जिथे वाढायचे तिथेच पेरायचे, खोल आणि खडे काढलेल्या मातीत. गाजर उगवायला दोन-तीन आठवडे घेतं आणि तेवढे दिवस वरचा थर एकदाही वाळता कामा नये. वाफ्यावर गोणपाट अंथरा, रोज उचलून बघा आणि पहिला कोंब दिसताच काढा.

मुळ्यापाशी मात्र मला थोडं थांबायचं आहे. "एकही रोप उपटायला जीव होईना," असं तुम्ही लिहिलंत, आणि तुमचं सगळं पत्र मला त्या वाक्यात दिसलं. रोपांना तुम्ही उन्हापासून जपलंत, तहानेपासून जपलंत, उपटण्यापासून जपलंत, आणि बीला पेरण्यापासून जपलंत. वडील गेल्यावर हे होणं मला समजतं. जे उरलंय त्यातलं काहीही आता आपल्या हातून जाऊ नये, असं वाटतं. पण बागेत सगळंच राखायला गेलं की सगळंच जातं. दोन मुळ्यांच्या मध्ये चार बोटं जागा नसली तर दोघंही उपाशी. विरळणी हे बागेतलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते टाळून बी पेरता येत नाही. उपटवत नसेल तर कात्रीने मातीलगत कापा, शेजारच्या मुळांनाही धक्का लागत नाही. मुळ्याची कापलेली कोवळी रोपं खाता येतात. ती वाया गेली असं मनात आणू नका.

तयार रोपांबद्दल भावाचं अर्धं बरोबर आहे. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं तयार आणण्यात कसलीही हार नाही. या झाडांचं बाळपण लांब असतं आणि तुमच्याकडे उजेडाची जागा नसेल तर तेच शहाणपणाचं. ठेंगणं, जाड देठाचं, अजून फुलं-फळं न धरलेलं रोप निवडा. कुंडीच्या खालून मुळांचं वेटोळं बाहेर आलेलं नको. पण मुळा, गाजर, घेवडा, काकडी, झिनिया, सूर्यफूल यांची रोपं विकत घेणं म्हणजे पैसे देऊन बिघाड आणणं. यांना मुळं हलवलेली मानवत नाहीत किंवा थेट पेरूनच ती लवकर येतात. आणि वडिलांचं वाण तर कुठल्याच रोपवाटिकेत मिळणार नाही.

तेव्हा डबा उघडा. याच आठवड्यात, आणि दिवसा, चांगल्या उजेडात. आधी प्रत्येक पुडीवरचं अक्षर तसंच ठेवून फोटो काढा. मग घेवड्याचे दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. एखाद्या दाण्याला बारीक गोल भोक असेल तर भुंगेरा लागलेला आहे. असे दाणे लगेच वेगळे काढा, नाहीतर उरलेलेही पोखरले जातील.

तुमची मोठी भीती अशी दिसते की पेरलं आणि उगवलं नाही तर सगळंच संपेल. त्याला फार सोपा उपाय आहे, तो म्हणजे उगवण चाचणी. घेवड्याचे दहा दाणे मोजून घ्या. जाड टिश्यू पेपर ओला करून पिळा, थेंब गळता कामा नये. त्यावर दाणे एकमेकांना न चिकटता ठेवा, कागद दुमडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल बंद करा आणि घरातल्या उबदार जागी ठेवा. पिशवीवर तारीख लिहा. जुना घेवडा रात्रभर पाण्यात भिजत घालू नका. म्हाताऱ्या दाण्याने भसाभस पाणी ओढलं तर त्याचे आतले पापुद्रे फाटतात. ओल्या कागदातून तो हळूहळू पितो, तेच बरं. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघा. आधी दाणा फुगतो, सालीवर सुरकुत्या येतात, मग डोळ्यापाशी साल उकलते आणि पांढरंशुभ्र टोक बाहेर येऊन खाली वळतं. ते नखाएवढं झालं की दाणा हलकेच उचलून टोक खाली करून कुंडीत ठेवा आणि वर दाण्याच्या दुप्पट माती ओढा. चाचणीतलं एकही जिवंत बी वाया जात नाही, हे लक्षात आलं ना? जे उगवतं ते लावायचं. जे उगवत नाही ते मातीतही उगवलं नसतं.

दहापैकी आठ-नऊ आले तर बी उत्तम आहे. चार-पाच आले तर दुप्पट पेरायचं, एवढंच. एक-दोनच आले तर मात्र उरलेलं सगळं याच हंगामात लावा, कारण पुढच्या वर्षी तेही येणार नाहीत. जुनं बी सावकाश उगवतं. ताज्या घेवड्याला आठवडा पुरतो, याला दोन द्या. बी चांगलं निघालं तर साठ दाण्यांतले वीसेक यंदा लावा, वीस पुढच्या हंगामाला ठेवा आणि उरलेले राखीव. एका गारपिटीने किंवा एका गोगलगायीने सगळं संपावं अशी वेळ बीवर आणायची नाही.

टोमॅटोची चाचणीही अशीच करा; कोंब नाजूक असतात, चिमट्याने मुळाला न धरता टरफलाला धरून उचला. झेंडू थेट ट्रेमध्ये पेरा, आठवड्या-दोन आठवड्यांत कळेल.

कांद्याबद्दल मात्र खरं सांगायला हवं. घरातल्या डब्यात तीन वर्षं काढलेलं कांद्याचं बी उगवण्याची शक्यता फार थोडी आहे. ते सगळं एकदम पेरा, राखून काही उपयोग नाही. उगवलंच तर आनंद. नाही उगवलं तर ते तुमच्या हातून गेलेलं नाही, हे मी आधीच लिहून ठेवते. वडिलांच्या अक्षरातली ती रिकामी पुडी ठेवा. आठवण त्या अक्षरात आहे. बीचं काम उगवणं आहे, त्याच्याकडून आठवणीचं काम करून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. जे उगवेल ते हुबेहूब वडिलांच्या बागेतलं असेलच असं नाही. घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे तो तसाच येईल. टोमॅटोही बहुतेक वेळा तसाच, जर मूळ वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, असेल तर. संकरित वाणाच्या फळातलं बी धरलं असेल तर पुढच्या पिढीत फळं वेगवेगळी निघतात. पण वडील वर्षानुवर्षं तेच बी धरत असतील तर आता त्यात फारसा फरक पडत नसावा. झेंडूचे रंग मिसळतील. भोपळ्याचा काही भरवसा नाही. मधमाश्या शेजारच्या भोपळ्याचे पराग आणतात आणि बी मिश्र होतं. म्हणून घरच्या बीच्या भोपळ्याचं, दोडक्याचं, काकडीचं पहिलं फळ कापलं की कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ टाकून द्या. त्या वेलाचं एकही फळ खाऊ नका. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून तो जात नाही. हे मी सगळ्याच वाचकांना बजावून सांगते.

भोपळ्याचं शुद्ध बी धरायचं असेल तर संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी एक नर कळी आणि एक मादी कळी हेरा. मादीच्या मागे इवलासा भोपळा असतो, नराच्या मागे नुसता देठ. दोन्हींच्या टोकांना दोरा बांधा. सकाळी नर फूल खुडून पाकळ्या काढा, त्याचे पराग मादीच्या मध्यभागी फिरवा आणि मादी पुन्हा बांधून टाका. देठाला रंगीत दोरा लावून ठेवा म्हणजे ते फळ चुकून स्वयंपाकघरात जाणार नाही. सुरुवातीला आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलंच येतात, घाबरू नका.

घेवड्याच्या दोन-तीन सशक्त वेलांना पहिल्यापासूनच हात लावू नका. त्यांच्या शेंगा वेलावरच वाळू द्या, हलवल्यावर आत दाणे खुळखुळले पाहिजेत. टोमॅटोचं बी पूर्ण पिकलेल्या फळातून गरासकट वाटीत काढा, दोन-तीन दिवस आंबू द्या, मग धुवा. वर तरंगणारं टाकायचं, तळाशी बसलेलं बशीत पसरून सावलीत वाळवायचं. कागदावर नको, चिकटून बसतं.

नवं बी त्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. पत्रा गरम होतो आणि झाकणातून दमट हवा जाते. बियांच्या साठवणीचा जुना अंदाज असा आहे की बीमधला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं तरी दुप्पट. म्हणून दाताखाली कट्कन तुटेपर्यंत वाळलेलं बी घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सोबत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकून, फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडायची नाही. ती खोलीइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर गार बियांवर हवेतली वाफ जमते आणि केलेलं सगळं फुकट जातं.

आणि पहिलं पीक हाती आलं की बीचे दोन वाटे करा. बी धरणारी माणसं आपलं सगळं बी एका घरात ठेवत नाहीत. एका जागी कीड लागली, पाणी शिरलं, तरी दुसरीकडे वाण शाबूत राहतं. एक बाटली तुमच्याकडे ठेवा आणि दुसरी भावाकडे द्या. त्याला कसं पेरायचं हे विचारायला तुमच्याकडेच यावं लागेल.